कांदेसरांची उजळणी

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक कांदा असायचा. खिसा फुगलेला, शर्ट त्या बाजूने खाली ओढलेला, आणि सर वर्गात शिरले की दुसऱ्या बाकापर्यंत वास. मे महिन्यात नागपुरात याचं कोणाला काही वाटत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात निम्मं शहर खिशात कांदा घालून फिरतं, ऊन लागू नये म्हणून. कांद्याने ऊन खरंच अडतं का, हे कोणी तपासत बसत नाही. आई खिशात घालते, आपण निघतो. पण सरांच्या खिशात तो डिसेंबरातही असायचा, स्वेटरच्या आत, आणि तिथे मात्र नवा माणूस बुचकळ्यात पडायचा. शाळेत नव्याने आलेल्या भूगोलाच्या बाईंनी एकदा न राहवून विचारलंच. सर म्हणाले, "बाई, कोण्या पोट्ट्यानं विचारलं, पेशी म्हणजे काय, तं दाखवाव लागते ना. तवा कांद्यासाठी घरी कुठं पळू?"

तर असे आमचे कांदेसर. हे नाव अर्थात पाठीमागचं, तोंडावर नुसतं सर. सक्करदऱ्याच्या आमच्या मराठी शाळेत ते नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे. मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. आमच्याही घरात एके काळी हातमाग होता, त्यामुळे सर आणि माझे बाबा भेटले की सुताबद्दल बोलत राहायचे आणि मी बाजूला कंटाळून उभी. बोलणं सगळं अस्सल इकडचं, मले-तुले-काहून. पुस्तकातली व्याख्या तेवढी शुद्ध भाषेत सांगायचे, आणि ती संपली की हुश्श केल्यासारखं तोंड करून म्हणायचे, "हे परीक्षेसाठी झालं. आता समजून घेऊ."

दर मे महिन्यात सर उजळणी घ्यायचे. दहावीची परीक्षा देऊन बसलेली, पुढे सायन्सला जायचं म्हणणारी मुलं सकाळी उन्हाच्या आधी शाळेच्या प्रयोगशाळेत जमायची. बाकीच्या गावात याच दिवसांत अकरावी-बारावीचं पुढचं शिकवून टाकायची घाई चाललेली असते. सर मात्र उलटे निघायचे, नववीच्या पहिल्या पानाकडे. पहिल्याच दिवशी सांगायचे, "नवीन काही शिकवणार नाही. जे आलं म्हणून तुम्ही समजून राहिले ना, ते येते का पाहू." अर्धी मुलं तिथेच गळायची. त्यांच्या आया म्हणायच्या, दहावी झालेल्या पोराला पुन्हा नववी कशाला. उरलेल्या अर्ध्यांत मी होते, कारण घरी कूलर नव्हता आणि प्रयोगशाळेच्या खिडकीला खसाची, म्हणजे वाळ्याची, ओली गार ताटी होती. मोठ्या ध्येयाने वगैरे गेले असं उगाच कशाला सांगू.

पहिला प्रश्न ठरलेला. जिवंत कशाला म्हणायचं? आम्ही मोठ्या ऐटीत सुरू व्हायचो. जे हलतं ते. सर म्हणायचे, "ऑटो हलते." जे वाढतं ते. "ढग वाढते." ज्याला पोरं होतात ते. "खेचराले होत नाही, त्याले काय मेलेलं म्हणतं?" मग खिशातून, कांद्याच्या शेजारून, ते कोरडे हरभरे काढायचे आणि टेबलावर टाकायचे. हे हलत नाहीत, वाढत नाहीत, काही खात नाहीत. सांगा, जिवंत का मेलेले? वर्गात दोन तट पडायचे, भांडणं व्हायची. सर निकाल द्यायचे नाहीत. हरभरे ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे आणि म्हणायचे, "परवा त्याहिलेच विचारू." कोणीतरी अंड्याचं काढलं तर शांतपणे विचारायचे, "दुकानातलं का कोंबडीखालचं?" या सगळ्या मारामारीतून जे टिकेल ते फळ्यावर एकाखाली एक लिहिलं जायचं. सगळ्यात खाली मात्र ते नुसता आकडा टाकायचे आणि पुढची ओळ कोरी सोडायचे. तिथे काय येणार, असं विचारलं की म्हणायचे, "राहू दे. जागा असू दे." आम्ही पोरांनी तर्क केले, पैजा लावल्या, पण सरांनी ती ओळ कधी भरली नाही.

आमच्या चुका त्यांना प्रिय होत्या, हे मला फार उशिरा कळलं. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी पेशी सांगा म्हटलं की आमच्या शाळेत दरवर्षी एकच उत्तर यायचं. संत्र्याच्या फोडीतला रसाचा दाणा. गच्च भरलेला, वर पातळ पापुद्रा, आकृतीतल्या पेशीसारखाच. दुसऱ्या कुठल्या गावात हे उत्तर येत असेल असं वाटत नाही. सर खूश व्हायचे. "नागपूरचे पोट्टे. यांच्या जगात पहिले संत्रं, मग बाकीचं." चूक म्हणायचे नाहीत. थंडीत संत्री आली की एक दाणा घेऊन रस काढून टाकायचे, पापुद्रा काचेवर पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. त्या एवढ्याशा पापुद्र्यातच पेशींची दाटी दिसायची. मग आम्हीच कपाळावर हात मारून घ्यायचो.

माझी स्वतःची चूक याहून भारी होती. नववीतलं पहिलं प्रात्यक्षिक, कांद्याच्या सालीची पेशी. सरांनी खिशातला कांदा काढला, कापला, आतल्या पाकळीचा पातळ पडदा चिमट्याने सोलून दाखवला. आम्ही आपापल्या काचपट्ट्या केल्या, वर आयोडीनचा थेंब. वर्गाला सूक्ष्मदर्शक एकच, त्यामुळे रांग. माझी पाळी आली, मी डोळा लावला, तर मला गोल गोल वर्तुळं दिसली. जाड काळी कड, आत लख्ख पांढरं. मी जागेवर येऊन तशीच तीन वर्तुळं काढली. शेजारणींच्या वह्यांत विटांची सुबक भिंत होती, प्रत्येक विटेत मधोमध टिंब, बाणांनी नावं दिलेली. पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक. माझ्या वर्तुळांकडे बघून त्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या आणि माझे कान तापले होते.

सरांनी माझी वही उचलली. "हे काय काढलं वं?"

"दिसलं ते, सर."

"पुस्तकात असं आहे?"

"नाही."

"मग पुस्तकातलं काहून नाही काढलं?"

"ते दिसलंच नाही, सर."

सरांनी वही वर धरून सगळ्यांना दाखवली. मला वाटलं आता धरणी पोटात घेईल तर बरं. सर म्हणाले, "हे हवेचे बुडबुडे आहेत. पेशी नाही. पोरगी साफ चुकली. पण वर्गात एकटीनं भिंगातून पाहिलं. बाकी तुम्ही सगळे भिंगाले डोळा लावून आले अन् पुस्तक पाहून काढलं." मग त्यांनी मला पुढे नेलं. वरची पातळ काच आडवी टाकायची नसते, तिची एक कड टेकवायची आणि दुसरी सुईवर झेलत हळूहळू खाली सोडायची, म्हणजे हवा आत अडकत नाही. माझा हात धरून त्यांनी ते दोनदा करून घेतलं. "आता पाहा."

मी पाहिलं. लांबट खोल्या, एकीला एक लागून, पार कडेपर्यंत. आणि प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका, पण मधोमध नाही, भिंतीला चिकटून बसलेला. मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. मागच्या मुली ढकलायला लागल्या तरी डोळा काढवेना. कांदा मी रोज चिरत होते, आणि हे सगळं त्यात आधीपासून होतं. तो आनंद मला आजही नीट सांगता येत नाही. पुढे परीक्षा झाल्या, पदव्या मिळाल्या, हार घातले लोकांनी, पण तसं परत काही झालं नाही.

त्या दिवसापासून "दिसलं ते काढा" हे सरांचं पालुपद आमच्या वर्गाला चिकटलं. वहीत सुरेख आकृती दिसली की शेजारी लाल शाईत दोनच शब्द, "दिसलं का?" स्वतःच्या मुलालाही त्यांनी सोडलं नाही. तो माझ्या मागे दोन वर्षं, आमच्याच शाळेत. त्याच्या वहीत जवळजवळ प्रत्येक पानावर ते दोन शब्द होते. बिचारा घरी जेवतानाही हेच ऐकायचा म्हणे.

दुसरी एक गोष्ट त्यांनी गुडघ्यावर शिकवली. खो-खो खेळताना माझा गुडघा सोलवटला होता आणि त्यावर खपली धरली होती. पेशीविभाजनाचा धडा चालू होता. सरांनी मला पुढे बोलावून बाकावर बसवलं आणि वर्गाला विचारलं, "इथं काय चालू आहे?" कोणीतरी म्हणालं, नवीन पेशी तयार होत आहेत. "कुठून येऊन राहिल्या?" आधीच्या पेशींपासून. "बरं. जखम भरली का मग काय होते?" थांबतात. "काहून थांबते? हिचा गुडघा टरबुजाएवढा काहून नाही होत?" सगळे हसले, मीही हसले. मग सर हळू आवाजात म्हणाले, "वाढणं कोणालेही जमते गा. आपल्या अंगातली एकेक पेशी थांबणं जाणते, म्हणून आपण इथं बसून हसून राहिलो." मला त्या वेळी त्यातलं टरबूज तेवढं लक्षात राहिलं.

सरांच्या घरी काकूंचा वेगळाच सूर. आम्ही सक्करदरा तलावाचं पाणी बाटलीत भरून अमीबा शोधायला त्यांच्या अंगणात जमायचो, तेव्हा काकू दोरीवर शर्ट वाळत घालत असायच्या. "माहा जन्म यांचे खिसे धुण्यात गेला वं पोरींनो. साबण संपते, वास नाही संपत." सर शाळेतून आणलेल्या भिंगातून डोळा न काढता म्हणायचे, "नको धुवू." काकू म्हणायच्या, "मग तसाच वासाचा घालून जाता काय शाळेत?" आणि सगळ्यांना चिवडा आणून द्यायच्या. अमीबा कधी सापडला नाही. चपलेच्या आकाराचे काही जीव सुळकन पळताना दिसले, त्यावर आमचा सगळा उन्हाळा गेला.

निवृत्तीनंतर एका मोठ्या कोचिंग क्लासने त्यांना सन्मानाने बोलावलं. गाडी पाठवली, गळ्यात ओळखपत्र घातलं. सर आठवडाभर गेले. तिथल्या मुलांना जुन्या प्रश्नपत्रिका हव्या होत्या आणि सरांनी टेबलावर हरभरे टाकले. आठवडा संपता संपता क्लासच्या चालकांनी चहा पाजून विचारलं की सर, हे कधी परीक्षेत येतं का. सर म्हणाले, "येत नाही म्हणून तं शिकवाव लागते. येते ते पोट्टे स्वतःच पाठ करतेत." दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. सर सायकल काढून शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांकडून मे महिन्यासाठी प्रयोगशाळेची किल्ली मागून आणली. निवृत्त झाले तरी उजळणी त्यांनी सोडली नव्हती.

मी अकरावीला गेले तेव्हा सगळं एकदम इंग्रजीत आलं. वर्गातल्या मुली फाडफाड बोलायच्या, मी मागे बसून शब्द टिपायचे आणि घरी येऊन रडायचे. पण पहिल्या प्रात्यक्षिकाला बाईंनी कांदा आणला आणि मला हसूच आलं. शब्द परके होते, पण वस्तू मी पाहिलेली होती. तेवढ्या एका गोष्टीवर मी तरून गेले, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे. पुढे डॉक्टर झाले आणि निवडलं काय, तर पॅथॉलॉजी. बाबा खट्टू झाले. "डॉक्टर होऊन पेशंटच नाही? नुसत्या काचा?" त्यांना वाटायचं दारावर पाटी असेल, बाहेर रांग असेल. सर मात्र कळल्यावर सायकलवर घरी आले, बाबांना म्हणाले, "भाऊ, ही जन्मभर दिसलं ते सांगणार. याहून मोठं काम कोणतं?" बाबांना ते पटलं नाही, पण सरांपुढे त्यांनी विषय सुताकडे वळवला.

धंतोलीत आता माझी लॅब आहे. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने, साऱ्या विदर्भातून माणसं येतात, पिशव्यांत फाइली घेऊन फुटपाथवर डबे खातात. त्यांच्या शरीरातले तुकडे काचांवर बसून माझ्याकडे येतात आणि मी दिसतं ते लिहिते. गेल्या थंडीत त्या काचांत सरांची एक काच आली.

सरांच्या मानेला गाठ झाली होती. जवळच्याच सर्जननी ती काढली, तेव्हा सरांनी त्यांना बजावून सांगितलं होतं की काच माझ्याकडेच जायला पाहिजे. मी ती पाहिली. थोड्या वेळाने पुन्हा पाहिली. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला काही न सांगता दाखवली, त्यानेही तेच म्हटलं. साधी गाठ नव्हती. मी बाहेर आले तर सरांचा मुलगा बाकावर बसलेला. तो पुण्याहून रात्रीच्या गाडीने आला होता, दाढी वाढलेली, डोळे लाल.

"ताई," तो म्हणाला, "मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. बाबांना सांगू नको ना. साधी गाठ आहे म्हण. आई म्हणते, ऐकलं तर खचतील. ट्रीटमेंट सगळी करू, फक्त नाव नको घ्यायला."

असं सांगणारी माणसं मला नवीन नाहीत. आठवड्यातून कोणी ना कोणी येतं, आणि ती सगळी प्रेमापोटीच येतात. मी त्यांना सांगते, रिपोर्ट लिहिणं माझं काम, पेशंटशी बोलणं तुमच्या डॉक्टरांचं. फार सोयीचं वाक्य आहे ते. त्यालाही मी तेच सांगितलं. त्याने माझे दोन्ही हात धरले, आणि मी म्हटलं, बघते.

शनिवारी दुपारी सर एकटेच आले. लॅबमध्ये शुकशुकाट होता. मानेवर पट्टी, अंगात तोच राखाडी स्वेटर आणि खिसा फुगलेला. समोरच्या खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, सावकाश प्यायले.

"काय दिसलं?"

मी माझं सोयीचं वाक्य काढलं. "सर, रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे पाठवलाय. ते नीट समजावून सांगतील."

"काय लिहिलं ते नाही विचारलं. दिसलं काय?"

मी टेबलावरचा पेन उचलला, ठेवला. मला त्यांच्या मुलाचे हात आठवत होते आणि समोर हा माणूस बसलेला होता, ज्याने मला डोळा लावायला शिकवलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं तोंडातून निघत नव्हतं. सर माझ्याकडे बघत होते. रागावले नव्हते. वर्गात कोणी अडलं की बघायचे, तसेच बघत होते.

"बरं, राहू दे," ते म्हणाले. "उजळणी करू. नववीपासून. पेशी कुठून येते?"

"आधीच्या पेशीपासून, सर." तोंड आपोआप बोललं.

"काहून विभागते?"

"वाढीसाठी. झीज भरून काढायला."

"अन् थांबते कवा?"

"गरज संपली की."

"तिले कोण सांगते, थांब म्हणून?"

"आजूबाजूच्या पेशी सांगतात. तिच्या आतूनही सांगितलं जातं."

"अन् तिनं ऐकलंच नाही तं?"

मला माझा सोलवटलेला गुडघा आठवला, हसणारा सगळा वर्ग आठवला. मी पेन पुन्हा उचलला. सर थांबले. अडलेल्या मुलाचं उत्तर त्यांनी स्वतः कधीच दिलं नव्हतं, त्या दिवशीही दिलं नाही.

"नाही ऐकलं, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. उत्तर बरोबर आल्यावर हलवायचे, अगदी तशीच. मग खुर्ची पुढे ओढली. "दाखव."

आमच्याकडे दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक आहे. एका बाजूला ते बसले, एका बाजूला मी. मी काच सरकवत गेले. ही निरोगी जागा, सर. इथून पुढे बघा. त्यांनी भिंगाचं चाक सावकाश फिरवून नजर जुळवली. मग म्हणाले, "केंद्रकं मोठी आहेत वं." हो, सर. "अन् रांग नाही कोणाचीच. गर्दी करून राहिल्या." हो, सर. त्यांनी माझ्याकडून कागद आणि पेन्सिल मागून घेतली. एक डोळा भिंगाला, एक हात कागदावर. सत्तरी ओलांडलेल्या त्या हाताने त्यांनी स्वतःच्या मानेतल्या पेशी काढल्या, एकीसारखी दुसरी नसलेल्या, जशा होत्या तशा. मला रडू आवरेना.

"रड," ते म्हणाले, "पण काचेवर नको टपकवू." आणि थोड्या वेळाने, भिंगातून डोळा न काढता, "काच मस्त केली हं. एक बुडबुडा नाही."

निघताना मी त्यांच्या मुलाचं सांगितलं. सर हसले. "मले माहीत आहे. त्याले पहिल्यापासून सुंदर आकृती आवडते. चांगला पोरगा आहे. त्याले मी सांगतो, मीच उजळणी घेतली म्हणून, तुह्यावर नाही येणार." दारात ते थांबले. "तू साधी गाठ म्हटली असती ना, तं मी मानलं असतं. तुह्यावर भरोसा आहे. म्हणून तं आलो."

उपचार झाले. केस गेले, वजन गेलं, आवाज बसला. मुलगा पुण्याच्या नोकरीतली रजा वाढवून घरी राहिला, रोज त्यांना दवाखान्यात आणायचा, आणि बाप-लेक बाहेर बाकावर बसून सरांनी काढलेल्या त्या आकृतीवरच बोलताना मी पाहिले. काकू माझ्यावर थोडे दिवस रुसल्या होत्या. मग एक दिवस चिवड्याचा डबा आला, तेव्हा कळलं की राग गेला. मे महिना लागला आणि सरांनी प्रयोगशाळेची किल्ली मागवली. कोणीच नाही म्हटलं नाही.

मीही सकाळी लॅबच्या आधी जाऊन मागे बसले. शाळेत आता मुलं कमी, उजळणीला त्याहून कमी. सर खुर्चीवर बसून होते. फळ्यावर लिहायचं काम त्यांच्या मुलाकडे. तोच प्रश्न, तेच ऑटो, तेच ढग, तेच खेचर. हरभरे टेबलावर पडले, भांडणं झाली. फळा भरला आणि शेवटी कोरी ओळ आली. तेव्हा कडेच्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी उभी राहिली. "सर, जे मरते ते."

मुलाच्या हातातला खडू तसाच राहिला.

"काहून वं?" सरांनी विचारलं.

"दगड मरत नाही, सर. आमची बकरी मेली. म्हणजे ती जिवंत होती."

सर उठले. मुलगा आधार द्यायला पुढे झाला, त्याला हातानेच थांबवलं. फळ्यापाशी गेले आणि त्या कोऱ्या ओळीवर, कापऱ्या अक्षरात, तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहिलं. मग वळून म्हणाले, "पुस्तकात नाही. पण पोरीनं पाहिलं आहे. लिहून घ्या." आणि खिशातला कांदा काढून तिच्या हातात दिला, साल काढायला.

घरी सोडताना मी गाडीत विचारलं, इतकी वर्षं हेच होतं का तुमच्या मनात. सर खिडकीबाहेर बघत होते. "नाही वं. मले काय माहीत. काही तरी राहिलं असन म्हणून जागा ठेवत होतो."

पोळ्याच्या आधीच सर गेले. सकाळी चहा घेतला, अंगणात खुर्ची टाकून बसले आणि तिथेच गेले. माणसं खूप आली. पांढऱ्या केसांचे विद्यार्थीही होते. त्यांतल्या कित्येकांनी पुढे विज्ञानाचं तोंडही पाहिलं नव्हतं, आणि तेही एकमेकांना हरभऱ्यांची गोष्ट सांगत होते.

दोन-तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. आवाज विचित्र वाटला म्हणून मी काम टाकून निघाले. काकू मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खुंटीवर सरांचा शर्ट लटकलेला होता, सर गेले त्याच्या आदल्या दिवशी बदललेला, तसाच. त्याच्या खिशातून बोटभर लांब हिरवीगार पात बाहेर आली होती आणि खिडकीच्या उजेडाकडे वळली होती.

काकूंनी त्या पातीला हळूच बोट लावून पाहिलं. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "हाच एक शर्ट मी धुतला नाही वं."